नियम सात (क), मंजुरीसाठी सादर

आई, रविवारी सगळे येणार आहेत आणि नियम सात अजून अर्धवटच आहे.

सकाळपासून तीनदा लॅपटॉप उघडला आणि तीनदा मिटला. मध्येच उठून गॅलरीतले कपडे काढले, ते ओलेच होते, म्हणून पुन्हा वाळत घातले. समीर म्हणाला, "मुग्धा, जरा एका जागी बस ना." बसता आलं असतं तर बसले नसते का? पण तुमच्या लेकाला हे सांगण्यात अर्थ नाही. तो तुमच्या खोलीचं दार नुसतं लोटून घेतो आणि ऑफिसचे कॉल करत बसतो.

लॅपटॉपखाली तुमचे ते दोन कागद आहेत. टाचणी लावलेले, चार घड्या घातलेले. वर पेन्सिलीनं लिहिलेलं तेवढं दिसतं: "मंजुरीसाठी सादर." परवा तुमचं तेरावं झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं, तरी मी ते उघडलेले नाहीत. हे लिहितेय तेही खरं तर ते उघडायला लागू नयेत म्हणूनच. मला भीती वाटते, आई. स्पष्टच सांगते. तुम्ही तीन दिवाळ्या या घरात केल्यात आणि हे घर तुमचं झालं की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या कागदात तुम्ही "नाही" लिहिलं असेल तर मी काय करू?

लोकांना काय सांगायचं, हाही एक प्रश्नच. तेराव्याला तुमच्या ऑफिसातल्या एक बाई आल्या होत्या. "सासूबाईंचं आणि तुमचं छान जमायचं म्हणे. काय करायचात दोघी?" मी म्हटलं, "आम्ही जादूचे नियम लिहायचो." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग मी सगळं समजावलं. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ असतो. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. पात्रांचे हे प्रकार पुस्तकात तयार मिळतात, पण हौशी लोक घरीसुद्धा बनवतात, आणि मी एक बनवत होते. दवंडीवाला. चौकात उभं राहून डफ वाजवायचा, मोठ्यानं ओरडायचं, आणि ओरडलेलं खरं व्हायचं. त्याला रोज किती मंत्र मिळावेत, ते त्यानं कधी आणि कसे निवडावेत, हे मी लिहीत होते आणि तुम्ही खोडत होता. बाई म्हणाल्या, "अच्छा." 

सुरुवात तुम्हीच केलीत, हे विसरू नका. मी डायनिंग टेबलावर प्रिंटआउट ठेवून आंघोळीला गेले होते. आले तर तुम्ही चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसलेल्या. मी लिहिलं होतं, "दवंडीवाला रोज सकाळी काही मंत्र निवडू शकतो." तुम्ही समासात तीन प्रश्न टाकले होते. काही म्हणजे किती? सकाळ म्हणजे किती वाजता? आणि नाही निवडले तर काय होईल?

"अहो आई, हा खेळ आहे," मी म्हटलं. जरा चिडूनच. कोणी आपल्या कागदावर रेघा मारलेल्या मला खपत नाहीत, हे तुम्हाला तोवर माहीत झालंच होतं.

"खेळच आहे गं. पण खेळणार माणसंच ना? मी छत्तीस वर्षं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात नियमांचे मसुदे केले. माणूस नियम वाचतो तो पाळायला नाही, फट शोधायला वाचतो."

मला हसू आलं, पण दाखवलं नाही. त्या रविवारी रुबिनानं तुमचं म्हणणं खरं करून दाखवलं. फरीदाबादहून मेट्रो बदलत येणारी, आमच्यातली सगळ्यात गरीब गाय वाटणारी ही मुलगी. नियमात होतं, तीन मंत्र निवडावेत. वेगवेगळे निवडावेत असं कुठे होतं? तिनं "सगळे गप्प" हा एकच मंत्र तीनदा घेतला आणि राजाचा अख्खा दरबार तासभर मुका करून टाकला. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या होता. पदर तोंडाला लावून हसत होता. तुम्हाला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर आपली रीतच पडली. शनिवारी सकाळी तुमचा मसुदा, दुपारी माझी कटकट, रविवारी खेळून तपासणी. मी गोष्ट चालवायचे म्हणून तुम्ही मला "साहेब" म्हणायला लागलात. "साहेबांनी सही केल्याशिवाय मसुदा हा मसुदाच." सही हिरव्या शाईतच हवी, असाही तुमचा हट्ट. "हिरवी शाई मोठ्या साहेबांची. आम्ही आयुष्यभर निळीवाले." तुम्ही स्वतः सरोजिनी मार्केटात जाऊन मला हिरवं पेन आणलंत. आणि मराठीतच लिहायचं, हेही तुमचंच. "जन्मभर इंग्रजी-हिंदीत घासलं. एकदा तरी नियमातलं 'परंतु' आपल्या भाषेत लिहू दे." खेळायला येणाऱ्या पुनीतला त्या मराठीतलं काही कळायचं नाही. रुबिना त्याला हिंदीत करून सांगायची आणि तो कपाळाला हात लावायचा. "यार, ये गेम है या गज़ेट?"

गुहेचा घोळ पुनीतनंच काढला. नियमात आपण लिहिलं होतं की दवंडीवाल्यानं सूर्योदयाला मंत्र निवडावेत. आमची पात्रं जमिनीखाली गुहेत उतरली, तीन दिवस वर आलीच नाहीत. रुबिना सकाळी मंत्र बदलायला गेली तर पुनीत म्हणतो, "मैडम, यहाँ सूरज निकला ही नहीं. पुराने से काम चलाओ." वाद पेटला. चहा गार झाला. तेवढ्यात तुम्ही आतून आलात आणि म्हणालात, "मुख्यालय."

आम्ही सगळे तुमच्याकडे बघायला लागलो.

"सरकारी माणूस दौऱ्यावर कुठेही असो, त्याचं मुख्यालय ठरलेलं असतं. सगळे हिशोब तिथून. तसंच करा. प्रत्येक दवंडीवाल्यानं आपलं मुख्यालय जाहीर करायचं. तिथे सूर्य उगवला की झाला सूर्योदय. मग माणूस गुहेत असो नाहीतर समुद्रात."

आई, जगात कुठल्याच खेळात असा नियम नसेल. मी तर नाचायचीच बाकी होते. त्या एका नियमानं आमचा दवंडीवाला उभा राहिला. आधी तो नुसता ओरडणारा माणूस होता, आता त्याला गाव आलं. मी त्यात भर घातली की त्या गावाचा एक घरचा मंत्र त्याला कायम येत असतो, तो त्या तीन मंत्रांत मोजायचा नाही. रुबिनानं सातारा लिहिलं, तिच्या आजोबांचं. आणि तुम्ही म्हणालात, "खेळल्याशिवाय मला नियम कसा कळणार?" आणि खुर्ची ओढून बसलात.

तुमचं पात्र, यमुनाबाई दवंडीवाली. मुख्यालय: सरोजिनी नगर, तुमच्या जुन्या सरकारी क्वार्टरचं. पुनीत ओरडला, "आंटी, जादू की दुनिया में सरोजिनी नगर?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "बेटा, जादू हो सकती है तो क्वार्टर क्यों नहीं?" घरचा मंत्र लिहिलात "गर्दीतून वाट". बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, लहानग्या समीरला पुढे घालून घरी पोचायचात ना, तो. किती लढाया जिंकल्यात त्या एका मंत्रावर! राक्षस असो नाहीतर सैन्य, यमुनाबाई "सरका, सरका" करत पलीकडे.

रविवारी तुम्ही अशा असायच्यात. आणि सोमवारी पुन्हा पाहुण्या.

हे मला बोलायचंच आहे. फ्रिजमधलं दही घ्यायला तुम्ही मला विचारायचात. दही! आंघोळीचा टॉवेल दोरीवर नाही, तुमच्या खुर्चीच्या पाठीवर. निळी सुटकेस पलंगाखाली, अर्धी भरलेली. बाबा गेल्यावर फरीदाबादची निवृत्तीनंतरची भाड्याची जागा सोडून ती घेऊन आलात, ती कधी पूर्ण रिकामी केलीच नाहीत. फोनवर मैत्रिणीशी बोलताना "समीरकडे असते" म्हणायचात आणि सरोजिनी नगरचा विषय निघाला की "आमच्या क्वार्टरला". ती क्वार्टरं पाडून तिथे टॉवर उभे राहिले, तरी "आमच्या क्वार्टरला". मी ऐकायचे आणि मला लागायचं. मी कधी बोलले नाही. तुम्हीही नाही. तुम्ही बोलायच्याच नाहीत, तुम्ही सादर करायच्यात.

संध्याकाळी ऑफिसातून आले की मी दारातूनच "आले हो!" म्हणून हाक द्यायचे. माझ्या आईची सवय, मला लागलेली. तुमच्या खोलीतून कधी ओ आली नाही. नुसता स्वयंपाकघरात लायटरचा टिक-टिक आवाज यायचा, चहा टाकल्याचा. मला वाटायचं, एक शब्द बोलायला काय जातं यांचं?

मग तो शेवटचा रविवार. खेळ संपत आला होता. तुम्ही फासे गोळा करता करता म्हणालात, "साहेब, नियम सातात एक दुरुस्ती हवी. मुख्यालय बदलता यायला हवं."

"नाही हं आई. बदललं की घरचा मंत्र बदलणार. मग रुबिना दर आठवड्याला नवं गाव करेल."

"ए, मी कशाला!" रुबिना म्हणाली.

"तू करशीलच," मी म्हटलं.

"बदलीला अटी घालता येतात," तुम्ही म्हणालात. "बदली होते, माणूस कार्यमुक्त होतो, दुसरीकडे रुजू होतो. जगरहाटी आहे."

मी दमले होते. आठवडाभर ऑफिसात नुसती धावाधाव झाली होती, पुनीत हसत होता, आणि तुम्ही सोडतच नव्हता. मी म्हटलं, "अहो, ज्याचं गाव ते त्याचं गाव. राहायला कुठेही जाऊ दे माणूस, गाव थोडंच बदलतं? तुमचंच बघा ना. क्वार्टर पाडून टाकलं तरी तुम्ही अजून 'आमच्या क्वार्टरला'च म्हणता!"

सगळ्यांसमोर. हसत हसत, पण टोचूनच म्हटलं, आणि मला माहीत होतं की टोचतंय. तुम्ही फासे डबीत भरलेत, डबीचं झाकण लावलंत आणि आत गेलात. 

सोमवारी सकाळी मी बूट घालत होते. तुम्ही कागद पुढे केलेत. "सादर आहे."

"ठेवा तिथे, बघते," मी म्हटलं. बघितलंसुद्धा नाही तुमच्याकडे.

मंगळवारी तुम्ही चहा देताना विचारलंत, "साहेबांनी पाहिलं का?" मी म्हटलं, वेळ झाला नाही. खोटं होतं ते, आई. वेळ होता. मंगळवारी मी अर्धा तास फोनवर साड्या बघत बसले होते. मला राग आला होता, तुमचा नाही, माझाच, आणि तो मी तुमच्या कागदावर काढत होते. बुधवारी तुम्ही विचारलं नाही. कागदावर मी लॅपटॉप ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी मी दारातून म्हटलं, "आले हो!" आणि लायटर वाजला नाही.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं? डॉक्टर म्हणाले, दुपारी जेवून आडव्या झाल्या असतील, झोपेतच. सगळे म्हणतात, किती छान मरण, कुणाला त्रास नाही. मला प्रत्येकाला विचारावंसं वाटतं, तुम्हाला कसं माहीत त्रास नाही? दुपारभर तुम्ही घरात एकट्या होता. मी दहा मिनिटं बाहेरच्या खोलीत बूट काढत, फोन चार्जिंगला लावत बसले होते, चहा का येत नाही म्हणून. दहा मिनिटं. याबद्दल समीरलाही सांगितलेलं नाही.

रुबिना त्या दिवशी धावत आली. रात्रभर बसणाऱ्या बायकांना तिनंच चहा केला, कोणाला न विचारता आमच्या फ्रिजमधून दूध घेतलं. परवा निघताना म्हणाली, "नियम सातचं काय करायचं? काकूंचं राहिलं होतं ना काहीतरी." मी म्हटलं, बघते. पुन्हा तेच, बघते.

बस. उघडते आता. समीरला हाक मारली होती, तो म्हणाला, "तुला सादर केलंय, तूच बघ." मग म्हणाला, "मला कधी काही सादर केलं नाही तिनं." 

उघडलं.

पहिल्या कागदावर तुमचं ते छापल्यासारखं अक्षर. जसंच्या तसं उतरवते.

"नियम ७ (क). दवंडीवाल्यास आपले मुख्यालय संपूर्ण खेळात एकदाच बदलता येईल. परंतु, नव्या ठिकाणी त्याने किमान तीन दिवाळ्या काढलेल्या असाव्यात. परंतु आणखी असे की, जुन्या मुख्यालयाचा घरचा मंत्र त्यास कायमचा सोडावा लागेल. परंतु आणखी असेही की, नव्या ठिकाणच्या गृहिणीची लेखी संमती असल्याखेरीज असा बदल अमलात येणार नाही."

खाली छोट्या अक्षरात: "साहेबांची शंका रास्त आहे. तीन दिवाळ्यांच्या अटीमुळे रुबिनाचा प्रश्न सुटावा."

दुसरा कागद म्हणजे यमुनाबाईचं पान. "सरोजिनी नगर" पेन्सिलीनं हलकेच खोडलंय, पुसलं तर परत वाचता येईल इतकं हलकं. त्याच्या पुढे कंसात "प्रस्तावित", आणि मग आपला पत्ता. सेक्टर, टॉवर, मजला, फ्लॅट नंबर, सगळं. "द्वारा समीर" असं नाही. नुसता पत्ता. "गर्दीतून वाट" खोडलेलं. त्याखाली:

"घरचा मंत्र (प्रस्तावित): आले हो. संध्याकाळी दारातून उच्चारावा. ऐकणाऱ्याची दिवसभराची धास्ती उतरते. फासा टाकण्याची आवश्यकता नाही."

आई. अहो आई.

चार दिवस! चार दिवस हा कागद माझ्याकडे पडून होता आणि तुम्ही माझ्या सहीची वाट बघत होता. पेन्सिलीनं लिहिलंत, कारण मंजुरी नव्हती. मंजुरीशिवाय तुम्ही स्वतःच्या पात्राच्या कागदावरसुद्धा माझं घर शाईनं लिहिलं नाहीत. आणि मी म्हणत राहिले, यांना हे घर आपलं वाटत नाही! मला राग येतोय तुमचा, खरंच येतोय. एकदा तोंडानं म्हणायचं ना. "मुग्धा, मला इथली म्हण." गळ्यात पडून रडले असते मी. पण ते तुमच्यानं झालं नसतं, आणि मीही विचारलं नाही. दही घेऊ का, असं तुम्ही विचारायचात, तेव्हा मीच म्हणायला हवं होतं की हे विचारायचं नसतं. मी नुसतं "घ्या ना" म्हणायचे आणि मनात चिडायचे.

समीर आत येऊन माझ्या खांद्यावरून वाचून गेला.  पलंगाखालून निळी सुटकेस काढली आणि तुमचे कपडे एकेक करून कपाटात लावत बसलाय. चुकीच्या कप्प्यात लावतोय, पण लावू दे.

हिरवं पेन सापडत नव्हतं. अर्धा तास शोधलं, सगळे खण उपसले. तुमच्या चष्म्याच्या घरात मिळालं. तिथे कशाला ठेवलं होतंत? मी मागितलं की लगेच देता यावं म्हणून?

एक अडचण मात्र होती आणि ती तुम्हीच शिकवलेली. नियम मंजूर झाला की त्या दिवसापासून पुढे लागू होतो, मागे जात नाही. मागे न्यायचा असेल तर तसं शब्दांत लिहावं लागतं: पूर्वलक्षी प्रभावाने. मी एकदा विचारलं होतं, असं कधी करतात? तुम्ही शेंगा सोलत होता. मान वर न करता म्हणालात, "क्वचितच. कुणावर तरी अन्याय होऊन गेला असेल आणि तो कागदावर तरी दुरुस्त करायचा असेल, तेव्हा."

रविवारी पुनीत आणि रुबिनासमोर मी हे वाचणार आहे. यमुनाबाईचं पान पेन्सिलीवरून शाईनं गिरवून घेतलंय. आणि तुमच्या मसुद्याखाली, हिरव्या शाईत, लिहिलंय ते असं:

"नियम ७ (क) मंजूर. गृहिणीची संमती आहे. हा नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू होईल: यमुनाबाई निळी सुटकेस घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि मी 'या, आत या' म्हटलं, त्या दिवसापासून. त्या दिवशी मी 'या' म्हणायच्या ऐवजी 'आलात घरी' म्हणायला हवं होतं. मुग्धा."